स्थूलतानिवारक शस्त्रक्रिया आणि वेदनाशामकांचे शोषण

अतिस्थूलतेवरील उपचार म्हणून जठराचे आकारमान कमी करणाऱ्या किंवा लहान आतड्याचा काही भाग अन्नमार्गातून वगळणाऱ्या शस्त्रक्रियांना स्थूलतानिवारक शस्त्रक्रिया म्हणतात. व्यवहारात त्या बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया या नावाने ओळखल्या जातात. या शस्त्रक्रियांमुळे अन्नाचा मार्ग बदलतो. तोंडावाटे घेतलेली औषधेही त्याच मार्गाने जात असल्यामुळे त्यांचे विरघळणे, आतड्यातून रक्तात होणारे शोषण व त्यांचा परिणाम यांतही फरक पडतो. वेदनाशामकांच्या (वेदना कमी करणाऱ्या औषधांच्या) बाबतीत हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. कारण ही औषधे वैद्यकीय सल्ल्यावाचून सर्रास घेतली जातात, त्यांपैकी काही जठराच्या व आतड्याच्या अस्तराला इजा करतात, तर काही श्वसनक्रिया मंद करतात. शस्त्रक्रियेनंतर औषध ‘अंगी लागत नाही’ अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. काही औषधांचे शोषण घटते, काहींचे वाढते, काहींचे केवळ अधिक जलद होते आणि काही औषधे शोषणात फारसा फरक न पडताही पूर्वीपेक्षा धोकादायक ठरतात.

पार्श्वभूमी : लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून वजन घटविण्याचा प्रयोग अमेरिकेत क्रेमेन व लिनर यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वजन घटत असले, तरी तीव्र अतिसार, यकृताचे विकार, मूत्रपिंडातील खडे इ. उपद्रव होत असल्याने ती पद्धत पुढे सोडून देण्यात आली. आयोवा विद्यापीठातील शस्त्रक्रियातज्ज्ञ एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठर-उपमार्ग शस्त्रक्रिया सुरू केली. इटलीतील निकोला स्कोपिनारो यांनी १९७०–८० या दशकात पित्त व स्वादुपिंडरस दूरच्या आतड्यात वळविण्याची पद्धत प्रचारात आणली. १९९० नंतर लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करणे शक्य झाले व या उपचारांचा प्रसार झपाट्याने वाढला.

शस्त्रक्रियेची आवश्यकता मुख्यतः शरीरभार निर्देशांकावरून (किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या संख्येवरून) ठरवितात. अमेरिकेत १९९१ मध्ये ठरविण्यात आलेल्या निकषांनुसार हा निर्देशांक ४० किंवा अधिक असल्यास, अथवा ३५ किंवा अधिक असून मधुमेहासारखे विकार जडलेले असल्यास शस्त्रक्रिया योग्य मानली जात असे. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थांनी हे निकष शिथिल केले. आशियाई लोकांत कमी निर्देशांकालाही मधुमेह व हृदयविकार उद्भवतात. म्हणून त्यांच्यासाठी निकष आणखी खालचे धरतात. २०१९–२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे २३ टक्के स्त्रिया व सुमारे २५ टक्के पुरुष यांचा निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक होता. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत या शस्त्रक्रिया आता नित्याच्या झाल्या आहेत. २०१७ मध्ये ईजिप्तमधील एका अतिस्थूल महिलेवर मुंबईच्या सैफी रुग्णालयात करण्यात आलेल्या शस्त्रक्रियेमुळे हा विषय वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला.

शोषणाची नेहमीची क्रिया : गिळलेली गोळी प्रथम जठरात फुटते व तेथील रसात काही अंशी विरघळते. जठररस तीव्र अम्लीय असतो व जठराच्या हालचालींमुळे गोळी घुसळली जाते. ॲस्पिरिनासारख्या सौम्य अम्लधर्मी औषधांचे थोडे शोषण जठरातच होते. परंतु बहुतेक औषधांचे खरे शोषणस्थान लहान आतडे हेच आहे. त्याच्या अस्तरावर असणाऱ्या घड्या व असंख्य सूक्ष्म अंकुर यांमुळे शोषणास मोठे क्षेत्र मिळते. त्याचे ग्रहणी, रिक्तांत्र व शेषांत्र असे तीन क्रमवार भाग पाडतात. ग्रहणीत यकृताकडून पित्त व स्वादुपिंडाकडून पाचकरस येऊन मिळतात. पित्तामुळे स्निग्ध पदार्थांत विरघळणारी औषधे शोषणयोग्य होतात, तर स्वादुपिंडरसातील बायकार्बोनेटामुळे जठरातून आलेल्या अम्लाचे उदासिनीकरण होते.

शोषलेले औषध आतड्याच्या भित्तीतून नीलांवाटे प्रथम यकृतात जाते. आतड्याची भित्ती व यकृत या दोन्ही ठिकाणी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रियांना मदत करणारी प्रथिने) औषधाचा काही भाग नष्ट करतात किंवा त्याचे रूपांतर करतात. या दोन नाक्यांवरून पार होऊन जे औषध उरते तेच सर्व शरीरात पसरते. गोळीतील औषधाचे प्रमाण हा सर्व मार्ग शाबूत आहे असे गृहीत धरून ठरविलेले असते.

शस्त्रक्रियांचे प्रकार : (१) नलिकाकृती जठर-उच्छेदन : या पद्धतीत जठराचा सु. ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात व एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. जठराच्या तळाचे झडपेसारखे स्नायुवलय आणि आतडी जशीच्या तशी राहतात. औषधाचा मार्ग बदलत नाही. मात्र जठरातील जागा, अम्लाचे प्रमाण व अन्न पुढे सरकण्याचा वेग यांत बदल होतो.

(२) जठर-उपमार्ग शस्त्रक्रिया : हिला स्विस शस्त्रक्रियातज्ज्ञ सेझार रू यांच्या जोडणीपद्धतीवरून रू पद्धतीचा उपमार्ग असेही म्हणतात. जठराच्या वरच्या टोकाची सु. ३० मिलि. धारणशक्तीची एक लहान पिशवी वेगळी करतात व ती थेट रिक्तांत्राला जोडतात. उरलेले जठर, ग्रहणी व रिक्तांत्राचा आरंभीचा भाग शरीरातच राहतात. परंतु त्यांतून अन्न वा औषध जात नाही. पित्त व स्वादुपिंडरस यांची अन्नाशी गाठ पुष्कळ पुढे, आतड्यांच्या दुसऱ्या जोडाजवळ पडते. एकच जोड असलेला उपमार्ग हा याचाच सुटसुटीत प्रकार होय.

(३) पित्त व स्वादुपिंडरस वळविण्याच्या पद्धती : यांत लहान आतड्याचा मोठा भाग वगळला जातो व समाईक मार्ग फार तोकडा राहतो. शोषणातील घट या प्रकारात सर्वाधिक असते.

(४) जठरपट्ट : जठराच्या वरच्या भागाभोवती फुगविता येणारा पट्टा बसवितात. हा प्रकार आता क्वचित वापरतात. यात शोषण फारसे बदलत नाही. मात्र मोठी गोळी पट्ट्यापाशी अडकू शकते.

आपल्यावर यांपैकी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे हे रुग्णाला नेमके ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण पुढील बहुतेक सर्व विवेचन या भेदावर अवलंबून आहे.

शोषणात बदल घडविणारे घटक : जठराच्या लहान पिशवीत गोळी फार वेळ थांबत नाही व पुरेशी घुसळली जात नाही. त्यामुळे मुळातच विरघळलेली किंवा लवकर विरघळणारी औषधे झटकन आतड्यात पोहोचून त्यांची रक्तातील पातळी वेगाने चढते. याउलट सावकाश फुटणाऱ्या गोळ्या अर्धवट अवस्थेतच पुढे ढकलल्या जातात. पिशवीत अम्ल निर्माण करणाऱ्या कोशिका थोड्या असतात व अशा रुग्णांना अम्लस्राव रोखणारी औषधेही पुष्कळदा दिलेली असतात. परिणामी ज्या औषधांना विरघळण्यासाठी अम्ल लागते ती नीट विरघळत नाहीत. पित्ताशी उशिरा गाठ पडल्याने स्निग्ध पदार्थांत विरघळणाऱ्या औषधांचे शोषण घटते. आतड्याचा वरचा भाग वगळला गेल्याने शोषणक्षेत्र कमी होते; परंतु औषधांचे विघटन करणारी एंझाइमे याच भागात विपुल असल्याने काही औषधांचा नाश टळतो व ती रक्तात अधिक प्रमाणात पोहोचतात. अशा रीतीने एकाच बदलाचे परस्परविरोधी परिणाम होतात. म्हणूनच सर्व औषधांची मात्रा सरसकट वाढविणे चुकीचे ठरते.

यांखेरीज काळाचाही विचार करावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्षात वजन झपाट्याने उतरते, यकृतातील मेद कमी होतो व त्याच्या एंझाइमांची कार्यक्षमता बदलते. औषध ज्या शरीरात पसरावयाचे ते शरीरच लहान होत जाते. शंभराहून अधिक किलोग्रॅम वजन असताना ठरविलेली मात्रा वर्षभरानंतर त्याच व्यक्तीला जास्त होऊ शकते; तसेच आतडेही काही अंशी नव्या रचनेशी जुळवून घेते. यामुळे पहिला महिना, सहावा महिना व तिसरे वर्ष या वेळी एकाच गोळीचा परिणाम सारखाच असेल असे नाही.

पॅरासिटामॉल : हे औषध जठरातून जवळजवळ शोषले जात नाही, लहान आतड्यातून मात्र फार लवकर शोषले जाते. जठर किती वेगाने रिकामे होते हे मोजण्यासाठीही त्याचा उपयोग करतात. उपमार्ग व नलिकाकृती या दोन्ही शस्त्रक्रियांनंतर त्याची रक्तातील पातळी पूर्वीपेक्षा लवकर व अधिक उंच चढते असे आढळले आहे. ते अस्तरावर व्रण (जखम) निर्माण करीत नसल्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी प्रथम पसंतीचे वेदनाशामक ठरते. तथापि ते सर्वथा निर्धोक आहे असे नाही. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मात्रा सामान्यतः ४ ग्रॅ. मानतात, ज्यांचे खाणे फारच कमी झाले आहे, ज्यांना यकृताचा विकार आहे अथवा जे मद्यपान करतात त्यांच्यासाठी ही मर्यादा वैद्य आणखी खाली आणतात. सर्दी-तापावरील अनेक संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. नकळत दुहेरी मात्रा घेतली गेल्यास यकृताला गंभीर इजा होते.

स्टेरॉइडेतर दाहशामके : ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ॲसिक्लोफेनॅक इ. औषधे या वर्गात येतात. अंगदुखी, सांधेदुखी, दाढदुखी व पाळीतील वेदना यांवर ती सर्वत्र वापरली जातात. जठर-उपमार्ग शस्त्रक्रियेनंतर मुख्य प्रश्न त्यांच्या शोषणाचा नसून त्यांच्यामुळे होणाऱ्या व्रणाचा आहे. निरोगी माणसात जठरातील अम्ल ग्रहणीत येते, तेथे बायकार्बोनेटयुक्त रस ते सौम्य करतो आणि मगच ते रिक्तांत्रात शिरते. उपमार्गात पिशवीतील अम्ल, थोडेसे का होईना, थेट रिक्तांत्राच्या अस्तरावर पडते व त्याला सौम्य करणारा रस बराच पुढे येऊन मिळतो. अम्ल सोसण्यास रिक्तांत्राचे अस्तर मुळातच असमर्थ असते. प्रोस्टाग्लँडिने ही द्रव्ये श्लेष्म्याचा थर व रक्तपुरवठा राखून अस्तराचे रक्षण करतात आणि दाहशामके नेमकी याच द्रव्यांची निर्मिती रोखतात. परिणामी जोडाच्या कडेला व्रण होतो. त्यातून रक्तस्राव होतो व क्वचित आतड्याला भोक पडून तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. धूम्रपान व हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचे संक्रामण यांमुळे धोका वाढतो.

औषध इंजेक्शनाने किंवा गुदमार्गाने घेतल्यास पोट सुरक्षित राहते, ही समजूत चुकीची आहे. प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रक्तातून पोहोचलेल्या औषधामुळेही थांबते. म्हणून ‘गोळी नको, सुई द्या’ या मागणीने व्रणाचा धोका टळत नाही. त्वचेवर लावण्याच्या मलमातून मात्र फारच थोडे औषध रक्तात जाते. उपमार्ग झालेल्या रुग्णांनी ही औषधे शक्यतो कायमची टाळावीत असा तज्ज्ञसंस्थांचा सल्ला आहे. नलिकाकृती शस्त्रक्रियेनंतर निर्बंध तितका कडक नसतो. तरीही अम्लप्रतिवाहाचा (अम्ल घशाकडे येण्याचा) त्रास असणाऱ्यांनी विशेष जपावे लागते. हृदयविकारासाठी अल्प मात्रेत ॲस्पिरिन चालू असल्यास ते परस्पर बंद करणेही धोक्याचे असते. अम्लरोधक औषधाची जोड द्यावी किंवा कसे, हे हृदयरोगतज्ज्ञ व शस्त्रक्रियातज्ज्ञ यांनी मिळून ठरवावयाचे असते.

अफूसम औषधे : मॉर्फीन, कोडीन, ट्रॅमाडॉल इ. औषधे तीव्र वेदनांसाठी देतात. जठर-उपमार्ग शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर तोंडावाटे मॉर्फीन देऊन फ्रान्समधील संशोधकांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी मॉर्फिनाची रक्तातील कमाल पातळी सु. तिप्पट व शोषलेले एकूण प्रमाण सु. दीडपट झाल्याचे आढळले. कमाल पातळी गाठण्यास लागणारा वेळही पुष्कळ कमी झाला. येथे धोका औषध न लागण्याचा नसून ते एकदम चढण्याचा आहे. अतिस्थूल व्यक्तींत झोपेत श्वास अडखळण्याचा विकार पुष्कळदा असतो व अफूसम औषधांनी श्वसन आणखी मंद होते. उपमार्ग व नलिकाकृती शस्त्रक्रियांनंतर मद्यही अधिक वेगाने रक्तात चढते; म्हणून अफूसम औषध व मद्य एकत्र घेणे प्राणघातक ठरू शकते.

कोडीन व ट्रॅमाडॉल ही औषधे यकृतातील एंझाइमांच्या क्रियेने अधिक प्रभावी द्रव्यांत रूपांतरित होतात. हे रूपांतर आनुवंशिकतेनुसार व्यक्तिपरत्वे बदलते; त्यात शोषणाच्या वेगातील फरकाची भर पडते. ट्रॅमाडॉलमुळे काहींना झटके येतात व नैराश्यावरील काही औषधांबरोबर ते घेतल्यास विषारी परिणाम होऊ शकतात. भारतात २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलचा समावेश मनःप्रभावी पदार्थांत करून त्याच्या विक्रीवर नियंत्रण आणण्यात आले.

ही औषधे टाळण्यास आणखी एक कारण आहे. अमेरिकेतील ११,७१९ रुग्णांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेपूर्वी दीर्घकाळ अफूसम औषधे घेणाऱ्यांपैकी ७७ टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षातही ती घेतच राहिल्याचे दिसून आले. वजन उतरले म्हणजे गुडघे व कंबर यांचे दुखणे थांबेल व औषधही सुटेल, ही अपेक्षा सर्वांच्या बाबतीत पुरी होत नाही.

औषधाचे स्वरूप : शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत औषधाच्या नावाइतकेच त्याच्या घडणीला महत्त्व आहे. दिवसभर हळूहळू औषध सोडणाऱ्या दीर्घपरिणामी गोळ्या लांब अन्नमार्ग गृहीत धरून बनविलेल्या असतात. उपमार्गानंतर त्यांतील औषध पुरते बाहेर पडण्यापूर्वीच त्या पुढे निघून जाऊ शकतात. अम्लात न विरघळणारे आवरण असलेल्या गोळ्यांचे आवरण कमी अम्लाच्या पिशवीत वेळेपूर्वीच विरघळू शकते. अशा ठिकाणी लगेच विरघळणाऱ्या गोळ्या लहान मात्रेत अधिक वेळा देणे, अथवा द्रवरूप औषध देणे सोयीचे पडते. दीर्घपरिणामी गोळी कुटून घेणे मात्र अत्यंत धोकादायक आहे, कारण त्यामुळे दिवसभराची मात्रा एकाच वेळी बाहेर पडते. काही द्रवरूप औषधांत सॉर्बिटॉल किंवा साखर बरीच असते. त्यांमुळे पोटात मुरडा, जुलाब, घाम व चक्कर असा त्रास उद्भवतो. तीव्र व दीर्घकालीन वेदनांत त्वचेवर चिकटवावयाच्या पट्ट्यांसारखे पचनमार्ग टाळणारे उपाय तज्ज्ञांच्या देखरेखीखाली योजता येतात. मज्जातंतूंच्या वेदनांवरील गॅबापेंटीन हे मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागातील मर्यादित क्षमतेच्या वाहक यंत्रणेने शोषले जाते. म्हणून त्याचा परिणाम पाहूनच मात्रा ठरवावी लागते.

बीड जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागातील प्रश्न : शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते, परंतु तिच्यानंतरचे आयुष्य गावी जाते. वेदनाशामकांचा धोका मुख्यतः या दुसऱ्या टप्प्यात असतो. मराठवाड्यातील बीड जिल्हा याचे चांगले उदाहरण आहे. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५,८५,०४९ होती व तीपैकी सु. चार-पंचमांश लोक ग्रामीण भागात राहत होते. बीड येथील जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही येथील प्रमुख शासकीय रुग्णालये होत. पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगर येथे शस्त्रक्रिया करवून परतलेल्या रुग्णाच्या पोटात रात्री-अपरात्री कळ उठली, तर त्याला प्रथम येथेच आणले जाणार. त्याचे पोट आतून कसे जोडलेले आहे हे सांगणारा कागद मात्र बरोबर असेलच असे नाही.

या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो कामगार ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. दिवसभर वाकून ऊस तोडणे व मोळ्या डोक्यावरून वाहून वाहनात भरणे या कामामुळे कंबर, मान व गुडघे यांची दुखणी नित्याची होतात आणि मजुरी बुडू नये म्हणून ती गोळीने दाबली जातात. स्थूलतानिवारक शस्त्रक्रिया करून घेणारा वर्ग हा बहुधा नव्हे. परंतु दुखण्यावरची गोळी ही मीठ-मिरचीसारखी घरात असावयाची वस्तू, ही सवय सबंध समाजाची असते व शहरातून शस्त्रक्रिया करून आलेला शिक्षक, व्यापारी किंवा कर्मचारीही तिला अपवाद नसतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘के’ अनुसूचीत ॲस्पिरीन व पॅरासिटामॉल यांच्या गोळ्यांचा समावेश घरगुती औषधांत करण्यात आला व हजारापर्यंत वस्ती असलेल्या खेड्यांत ती विक्री-परवान्याशिवाय विकण्याची सवलत देण्यात आली. औषधांचे दुकान नसलेल्या गावांची त्यामुळे सोय झाली. उपमार्ग झालेल्या व्यक्तीच्या दृष्टीने मात्र या यादीतील दोन गोळ्यांत मोठे अंतर आहे : एक तिने बहुधा घ्यावी अशी, तर दुसरी बहुधा टाळावी अशी. किराणा दुकानाच्या फळीवर त्या शेजारी शेजारी असतात. डायक्लोफेनॅकासारखी औषधे ‘एच’ अनुसूचीतील असल्याने वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. प्रत्यक्षात हा नियम नेहमीच पाळला जात नाही.

‘पोटाचे ऑपरेशन झाले आहे’ एवढे सांगणेही पुरेसे नसते. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिला कामगारांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशय काढल्याने गोळीचा मार्ग बदलत नाही. तो जठर-उपमार्गाने बदलतो. ज्या भागात पोटावर शस्त्रक्रियेची खूण असलेल्या स्त्रिया एवढ्या मोठ्या संख्येने आहेत, तेथे खूण पाहून किंवा मोघम उत्तर ऐकून वैद्याला काहीच निष्कर्ष काढता येत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या खुणा तर लहान असतात व कालांतराने पुसटही होतात.

हवामानाचाही येथे संबंध येतो. मराठवाड्यातील उन्हाळ्यात तापमान ४० से.च्या वर जाते. जठर लहान झालेल्या व्यक्तीला एका वेळी भरपूर पाणी पिता येत नाही. घोट घोट पाणी दिवसभर प्यावे लागते व ते राहून गेल्यास शरीरातील पाणी घटते. अशा वेळी स्टेरॉइडेतर दाहशामके मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात व मूत्रपिंडाचे कार्य अकस्मात बिघडू शकते. उपमार्गानंतर ऑक्झॅलेटाचे खडे होण्याची प्रवृत्ती वाढत असल्याने हा धोका दुणावतो.

घ्यावयाची काळजी : शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने शस्त्रक्रियेचा प्रकार, दिनांक, रुग्णालय व टाळावयाची औषधे यांची नोंद असलेला एक कागद मराठीत व इंग्रजीत लिहून घेऊन नेहमी जवळ बाळगावा. कोणताही वैद्य, दंतवैद्य, परिचारिका किंवा औषधविक्रेता यांना तो प्रथम दाखवावा. दंतवैद्याचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे, कारण दाढ काढल्यावर दाहशामक गोळी देण्याचा प्रघात आहे व तेथे पोटाच्या शस्त्रक्रियेविषयी सांगण्याचे रुग्णाला सुचत नाही. डोकेदुखीवरील काही संयुक्त गोळ्यांत ॲस्पिरीन असते. म्हणून वेष्टनावरील घटकद्रव्ये वाचावीत. नेहमीच्या मात्रेने वेदना थांबत नसल्यास गोळ्यांची संख्या स्वतः वाढवू नये.

काळी किंवा डांबरासारखी शौचास होणे, रक्ताची वांती, छातीखाली जळजळीसह सतत दुखणे, चक्कर येणे व वाढता थकवा ही जोडाच्या व्रणाची लक्षणे असू शकतात. शस्त्रक्रियेनंतर लोह व ब१२ जीवनसत्त्व यांचे शोषण घटल्याने पांडुरोग होतोच. व्रणातून झिरपणाऱ्या रक्ताची त्यात भर पडते व मूळ कारण लक्षात येत नाही. पोटात अकस्मात तीव्र कळ आल्यास ती वेदनाशामकाने दाबून टाकणे विशेष घातक आहे. उपमार्गानंतर आतड्याचे वेटोळे आतल्या फटीत अडकण्याचा संभव कित्येक वर्षांनीही असतो व त्या वेळी कळ हीच एकमेव सूचना असते. वगळलेल्या जठरात व ग्रहणीत नेहमीची दुर्बीण पोहोचत नाही, हेही तपासणाऱ्या वैद्याने ध्यानात ठेवावे लागते.

वजन उतरल्याने मधुमेह, रक्तदाब, सांध्यांवरील ताण व झोपेतील श्वासविकार यांत पुष्कळ सुधारणा होते व योग्य निवड केलेल्या रुग्णांचे आयुष्य वाढते. वेदनाशामकांविषयीची सावधगिरी हा या लाभासाठी द्यावा लागणारा कायमचा मोबदला होय. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. गोळी घेण्यापूर्वी तिचे नाव, प्रकार व मात्रा विचारण्याची सवय मात्र जन्मभर पाळावी लागते. शस्त्रक्रियेची माहिती शहरातील रुग्णालयाच्या कागदपत्रांत पडून न राहता ती गावातील आरोग्य केंद्रापर्यंत व औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचली, तर या धोक्यांपैकी बरेचसे टाळता येण्यासारखे आहेत.